दाखल्यातली कोरी जागा

जन्मदाखल्यात मुलाचे नाव घालून घेतले नाही म्हणून वेंकटलक्ष्मीची बोलणी खाल्ली नाहीत, असा माणूस कुंभकोणम्-मन्नारगुडी रस्त्यावर सापडणे कठीण. साक्कोट्टै गेले, मरुदानल्लूर गेले, की पुढे एक छोटी नगरपंचायत लागते. तिचे नाव इथे सांगत नाही, कारण या प्रकरणात तिचा काडीचाही दोष नाही. तिथल्या जन्म-मृत्यूच्या टेबलाशी वेंकटलक्ष्मीने बत्तीस वर्षे काढली.

या टेबलाचा सगळा त्रास म्हणजे नाव. मूल जन्मले की दवाखान्यातून नोंद येते, तेव्हा त्याला नाव नसते. नोंदवहीत तारीख पडते, आई-बाप पडतात, मुलगा की मुलगी ते पडते आणि नावाची जागा कोरी राहते. आई-बापांनी पुढे येऊन ती भरून घ्यायची. लोक येत नाहीत. पंधरा वर्षांनी, पोराला परदेशी जायचे असले की धावत येतात. मग वेंकटलक्ष्मी चष्म्यावरून बघे आणि खणखणीत तमिळमध्ये विचारी, "नाव ठेवायला वेळ मिळाला, पंगत घालायला मिळाला, सरकारला सांगायला तेवढा नाही मिळाला?" भिंतीवर तिने स्वतःच्या हाताने पाटी रंगवली होती: मूल तुमचे, नाव तुमचे, आजच नोंदवा. लोक पाटी वाचत आणि तिच्याकडे बघायचे टाळत.

अशा बाईच्या पोटच्या पोरीच्या दाखल्यात नावाची जागा एकोणतीस वर्षे कोरी होती. ही गोष्ट तिच्याखेरीज कुणाला माहीत नव्हती.

त्याचे असे झाले. कुंभकोणम्ला तिच्या सासरच्या घराला गल्लीत अजून रायर घर, म्हणजे रावांचे घर, म्हणतात. मराठा राजांच्या मागोमाग इकडे आलेली माणसे. घराबाहेर तमिळ, घरात मराठी, आणि ती मराठीही अशी की पुण्याच्या पाहुण्याला वाटावे, आपण बखर लिहिणाऱ्या कारकुनाच्या घरी जेवायला बसलो आहोत. या घरचा रिवाज असा की पहिल्या नातीला बापाच्या आईचे नाव. १९९५ साली बारशाला वेंकटलक्ष्मीच्या नवऱ्याने, कृष्णप्रसादने, ताटातल्या तांदळावर अंगठीने आपल्या आईचे नाव लिहिले: नागलक्ष्मी. दुसरा रिवाज असा की सुनेने सासूचे नाव तोंडाने घ्यायचे नाही. दोन्ही रिवाज तितकेच जुने आणि तितकेच कडक, आणि पोरीला हाक मारायची पाळी आईवर येते हे दोघांनीही लक्षात घेतले नव्हते.

वेंकटलक्ष्मीने तोड काढली. हाकेला श्रीरंजनी. लग्नाआधी ती गाणे शिकत असे आणि हा तिचा लाडका राग. सासूबाई उदार झाल्या. "हाकेला काय वाटेल तें असूं दे," त्या म्हणाल्या, "सरकारच्या पुस्तकांत माझें नांव पडलें म्हणजे झालें."

महिन्याभराने त्यांनी विचारले, "लिव्हलीस की?"

"लिव्हलें, आत्याबाई," सून म्हणाली.

लिहिले नव्हते. नोंदवही तिच्याच टेबलावर होती, पेन तिच्याच हातात होते. पण नागलक्ष्मी लिहावे तर पोरीतसुद्धा जन्मभर सासूच बघायची. श्रीरंजनी लिहावे आणि घरी कळावे तर घरात महाभारत. तिने जागा कोरी सोडली. पुढे बघू, असे ठरवले. पुढे म्हणजे कधी, हे तिने स्वतःलाही नीट सांगितले नाही. पण सासूबाई तेव्हा पासष्टीच्या होत्या, छाती नाजूक होती आणि डॉक्टरांनी पाच वर्षांची मुदत दिली होती. ते डॉक्टर कधीच वारले. सासूबाई चौऱ्याण्णव वर्षांच्या झाल्या आणि संध्याकाळचा दोसा कुरकुरीत नसला तर ताट परत पाठवतात.

शाळेत नाव घालायला आईच गेली, म्हणून शाळेत श्रीरंजनी लागले. दहावीच्या गुणपत्रिकेवर पासपोर्ट निघाला, पासपोर्टवर लग्न नोंदले गेले. जिथे जिथे कुणी जन्मदाखला मागे तिथे वेंकटलक्ष्मी नियमाचा हवाला देऊन दुसरा कागद पुढे करी. नियम तिला सगळे पाठ होते. दाखला कपाटात रेशमी साड्यांच्या खाली पडून राहिला, आणि सासूबाई गल्लीभर सांगत राहिल्या की सरकारदरबारी नात माझ्या नावाने आहे, सून तिथेच कामाला आहे, तिने स्वतः लिहिले आहे.

२०२४ च्या ऑगस्टात श्रीरंजनीला जर्मनीत मुलगी झाली. तिने आणि जावई मध्वेशने नाव वाणी ठेवले. तिथल्या नोंदणी कचेरीने आई-बापांचे जन्मदाखले मागितले. ते आल्याखेरीज बाळाचा दाखला नाही. बाळाच्या दाखल्याखेरीज आपल्या वकिलातीत नोंद नाही, आणि नोंद नाही तर पासपोर्ट नाही. जर्मनीत जन्मली म्हणून वाणी जर्मन होत नव्हती. भारतीय आई-बापांची म्हणून भारतीय होणार होती, पण वर्षाच्या आत वकिलातीत तशी नोंद झाली तर. तोवर सव्वातीन किलोची ती बाई कागदोपत्री कुठलीच नव्हती. दूध पीत होती आणि झोपत होती.

इकडे नागलक्ष्मीबाईंनी एकच धोशा लावला होता. "पणती मांडीवर द्या, मग मी जातें." रोज सकाळी विचारत, "येऊलीत का?" आणि रोज सकाळी घरातले म्हणत, कागद व्हायचे आहेत.

मध्वेशचा दाखला बिनबोभाट पास झाला. श्रीरंजनीच्या दाखल्याचा फोटो आईने मन घट्ट करून पाठवला. त्या रविवारी दुपारी फोन आला.

"अम्मा, ह्यांत माझें नांव कोठें?"

"अप्पांचें आहे. माझें आहे. तारीख आहे."

"तेथली बाई विचारती, त्या दिवशीं तुमच्या आईला मुलगी झाली हें खरें, पण ती मुलगी तुम्हीच हें कशावरून?"

प्रश्न बिनतोड होता. बत्तीस वर्षांत वेंकटलक्ष्मीला आपल्या तोडीचे माणूस भेटले नव्हते. ते भेटले ते हे असे. त्या न पाहिलेल्या जर्मन बाईबद्दल तिला आदरच वाटला.

"तूं विसरलीस, अम्मा? तूं?"

विसरले म्हणाली असती तर निभावले असते. पण पोरीशी खोटे बोलवेना. तिने सगळे सांगितले, खालच्या आवाजात, स्वयंपाकघराचे दार लावून. तिकडे मागे बाळ, श्रीरंजनीची पाप्पा, कुरकुरत होते.

"म्हणजे अज्जी जायची वाट पाहत होतीस," श्रीरंजनी म्हणाली, "आणि आतां माझी पाप्पा अडकली."

फोन ठेवल्यावर वेंकटलक्ष्मी तांदूळ निवडायला बसली आणि निवडलेलेच पुन्हा निवडत राहिली. तिला लाज वाटत होती, आणि त्याहून भीती. इतक्या जुन्या नोंदींत नाव घालायची मुदत सरकारने वाढवून वाढवून त्या डिसेंबरअखेरपर्यंत आणली होती. ती चुकली तर पुढे काय, हे लोकांना घाबरवून सांगायचे काम तिनेच आयुष्यभर केले होते.

अर्जावर आई-बाप दोघांच्या सह्या लागतात. कृष्णप्रसादने अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

"म्हणजे अम्माचें नांव..."

"नाहीं."

"कधींच?"

"कधींच."

त्याने सही केली. "अम्माला कळतां कामा नये," तो म्हणाला. लग्नाला चौतीस वर्षे झाली होती. या घरात आधी आईचे चालले, मग बायकोचे चालले. त्या गृहस्थाने जन्मात सोडलेला हुकूम म्हणजे हा एवढाच.

डिसेंबरात, मार्गळी महिन्याच्या एका थंड सकाळी वेंकटलक्ष्मी टाऊन बसने निघाली. ती निवृत्त झाल्यापासून कचेरीत तिच्या खुर्चीवर सेतू बसतो. पोरगेला होता तेव्हा तिच्या हाताखाली रुजू झाला, काम तिनेच शिकवले. तिला पाहून तो उठून उभा राहिला आणि आत बोलवू लागला. ती आत गेली नाही. ओळखीपाळखीवर आत घुसणाऱ्यांना तिने जन्मभर बाहेर काढले होते. ती रांगेत उभी राहिली, स्वतःच्या पाटीखाली.

नंबर आला. सेतूने १९९५ ची वही काढली आणि पान उघडले. अक्षर बाईंचेच, वळणदार. नावाच्या जागी काही नाही.

"मॅडम, ही तर तुमचीच..." तो म्हणाला आणि थांबला. पुढचे वाक्य त्याला पाठ होते, त्याने ते तिच्याच तोंडून हजारदा ऐकले होते. पण ते बोलायची त्याची हिंमत झाली नाही.

रांगेतल्या मागच्या बाईची झाली. ती डोकावून बघत होती. "का हो अम्मा," तिने विचारले, "पोरीला नाव सुचायला एकोणतीस वर्षे लागली?" रांग हसली. वेंकटलक्ष्मीने मागे वळून पाहिले नाही. कुणीतरी ओळखीचे निघाले असते.

"काय नाव घालू, मॅडम?" सेतूने हळूच विचारले. "एकदा घातले की बदलत नाही. तुम्हीच शिकवलेत."

क्षणभर तिला वाटले, सांगावे दुसरे. एकोणतीस वर्षांपूर्वी कबूल केले होते ते. पण शाळा, पदवी, पासपोर्ट, लग्न, सगळीकडे पोरगी श्रीरंजनी होती, आणि दुसऱ्या नावाचा दाखला तिकडे कसा जुळवायचा? ती जर्मन बाई तर आता टपूनच बसली असणार. "श्रीरंजनी," ती म्हणाली. सेतूने लिहिले. एवढ्या वर्षांनी सासूवर सरशी झाली होती आणि तिला मात्र देवघरातले काहीतरी उचलून आणल्यासारखे वाटले.

त्यानंतर कागद चालू लागले, आपल्या चालीने. दाखल्यावर चेन्नैत शिक्का बसला, मग त्याचे जर्मन झाले, मग तिथल्या बाईचे समाधान झाले, मग वकिलातीत आई-बापांनी लिहून दिले की बाळाकडे दुसऱ्या कुठल्या देशाचा पासपोर्ट नाही. जूनमध्ये, वर्ष भरायला दोन महिने उरले असताना, वाणी दहा महिन्यांची होऊन कुंभकोणम्ला आली. पासपोर्टातल्या फोटोत तिचा चेहरा असा होता की या सगळ्या घोटाळ्याची पूर्ण कल्पना तिला असावी. सहीच्या जागी अंगठा होता. पिढ्यान्‌पिढ्या दफ्तरे लिहिलेल्या घराण्यात अंगठा उठवणारी ती पहिलीच.

नागलक्ष्मीबाईंच्या मांडीवर पणती ठेवली. त्यांना आता अंधूक छाया तेवढ्या दिसतात. त्यांनी बाळाच्या डोक्यावरून, नाकावरून, पायाच्या एकेका बोटावरून हात फिरवला, आणि त्यांचे ओठ थरथरले. ते पाहून वेंकटलक्ष्मीचे डोळे भरले. तिला वाटले, सुटलो. सगळ्यांचे सगळे झाले.

"तो कागद आण," म्हातारी म्हणाली.

"कोणता, आत्याबाई?"

"रंजनीचा. ज्याच्यापायीं घरांत आठ महिने नांव नांव चाललें होतें. मजला बहिरी समजूलेत का? दोन्ही सरकारांनीं माझें नांव तपासलें, तेव्हां पोर विमानांत बसली. मजला दिसत नाहीं. तूं वाच."

कृष्णप्रसादने वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. श्रीरंजनी आईकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता, पण मदतही नव्हती.

वेंकटलक्ष्मीने कागद आणला. तारीख वाचली. गाव वाचले. बापाच्या नावाशी अडखळली, नवऱ्याचे नावही ती घेत नाही. "ह्यांचें आहे, बरोबर आहे," म्हणून पुढे गेली. आईचे नाव वाचले.

"आणि मुलीचें?"

कागदावर मोठ्या अक्षरांत श्रीरंजनी होते, खाली सही, वर शिक्का. सरकारी कागदातला एक शब्दही तिने उभ्या नोकरीत चुकीचा वाचून दाखवला नव्हता.

"नागलक्ष्मी," ती म्हणाली.

म्हातारीचा बाळाच्या पाठीवरचा हात थांबला. तिचा चेहरा ताठ झाला.

"सासूचें नांव घेतीस? माझ्या तोंडावर?"

"कागदांत आहे, आत्याबाई."

म्हातारीने विचार केला. वाणी तिच्या बांगड्या ओढत होती आणि ती ओढू देत होती.

"कागदांत असलें तर दोष नाहीं," ती म्हणाली. "पुन्हां वाच."