रत्नप्रभावहिनींचा पाला

रत्नप्रभावहिनींच्या स्वयंपाकघरात मान पाल्याला. फ्लॉवरचा पांढरा गड्डा मागाहून, आधी त्याची पानं. मुळा, नवलकोल, सगळ्यांचं तेच, आणि बीट तर त्या पानांसाठीच घ्यायच्या. पिपलानीतल्या कारखान्याच्या क्वार्टरात त्या आमच्या शेजारी राहायला आल्या, त्याच वर्षी मला वाटायला लागलं, बाईचं डोकं जरा सरकलंय.

याचं मूळ महिला मंडळात. एकदा आहारतज्ज्ञ बाई व्याख्यानाला आल्या होत्या. आम्हा सगळ्यांचे डोळे नंतरच्या बटाटेवड्यांकडे. वहिनी मात्र कान देऊन ऐकत होत्या. फ्लॉवरच्या गड्ड्यापेक्षा पानांत लोह आणि कॅल्शियम कितीतरी जास्त. भाजी धुवायची ती चिरण्याआधी. भाजी शिजवलेलं पाणी फेकायचं नाही, जीवनसत्त्वं त्यात उतरतात. वरून लिंबू पिळलं की लोह अंगी लागतं, आणि गाजर-पालकाला थोडं तेल-तूप हवंच. वहिनींनी हे सगळं आरतीसारखं पाठ केलं. मी भाजीचं पाणी मोरीत ओतायला लागले की भिंतीपलीकडून हाक यायची, "निर्मला, आमटीत घाल गं ते!" त्यांना कसं कळायचं, देव जाणे.

त्यांचे यजमान सदाशिवराव कारखान्यात टेक्निशियन. डबा उघडला की मित्र विचारायचे, "आज कोणतं झाड?" ते हसून खायचे. लेक प्रतिभा मात्र वैतागायची. खायची चाटूनपुसून, पण बाहेर कुणाला सांगायची नाही.

बिट्टन मार्केटच्या हाटात भाजीवाले फ्लॉवरची पानं तोडून ढीग लावतात. वहिनी त्यातली कोवळी पानं निवडत बसायच्या. एका म्हाताऱ्या भाजीवाल्यानं कौतुकानं विचारलं, "बहनजी, घर पर खाने वाले कितने हैं?"

"तीन. तीनों बड़े चाव से खाते हैं."

म्हाताऱ्यानं हात जोडले. घर कुठे, तेही विचारून घेतलं. पिपलानी, गेटवर शेवग्याचं झाड. तेव्हापासून तो वहिनींसाठी निवडक पानांची मोळी बांधून ठेवू लागला, पैसे घेईना. वहिनी घरी येऊन सांगायच्या, "देवमाणूस आहे हो!"

मग प्रतिभाच्या लग्नाचं निघालं. मुलगा नेहरू नगरचा, अच्युत. दोघांचं आपसांत ठरलेलंच होतं, अडलं होतं ते त्याच्या आईच्या होकारापाशी. शकुंतलाबाई मूळच्या ग्वाल्हेरच्या, शाळेत मुख्याध्यापिका. हसणं कमी, बघणं जास्त. दिवाळीच्या पाडव्याला त्या अच्युतबरोबर जेवायला येणार होत्या.

प्रतिभानं आईचे हात धरले. "आई, त्या दिवशी घरात एकही पान दिसू देऊ नकोस. त्यांना वाटेल, यांच्याकडे खायला नाही."

वहिनींना ते लागलं. पण लेकीसाठी त्या हो म्हणाल्या.

पाडव्याला श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी असा बेत झाला. पुऱ्या तळायला मी होते. ताटं वाढताना वहिनी माझ्या कानाशी पुटपुटल्या, "सगळं ताट कसं फिकं दिसतंय गं, आजाऱ्यासारखं." मी त्यांना डोळ्यांनीच दटावलं.

मंडळी पानावर बसली, तेवढ्यात गेट वाजलं. दारात तोच म्हातारा. धुतलेला कुर्ता, काखेत पाल्याची भलीमोठी मोळी, हातातल्या थाळीत कुंकू आणि गूळ-पुरी. पाडव्यालाच इकडे हिंदी मुलखात गोवर्धनपूजा असते, त्या दिवशी गाईला ओवाळतात.

"बहनजी, तीनों गैया कहाँ बँधी हैं? साल भर हमारे पत्ते खाए हैं, आज हाथ जोड़ लूँ."

माझी पुरी कढईतच करपली. सदाशिवराव श्रीखंडात काहीतरी हरवल्यासारखे खाली बघत राहिले. वहिनींचा चेहरा पांढराफटक.

"गाई? इथे क्वार्टरात?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

प्रतिभा लालबुंद झाली आणि उठली. मला वाटलं, पोरगी आता आत पळणार आणि सोयरीक गेली बाराच्या भावात. ती सरळ दाराशी गेली.

"बाबा, एक गैया तो मैं हूँ. बाकी दो ये मेरे आई-बाबा. आपके सारे पत्ते हमीं ने खाए. और एक बार मेरी आई के हाथ के खाओगे ना, तो आपकी गैया भूखी रह जाएगी!"

म्हातारा आधी थिजला, मग हसत हसत पायरीवरच बसला. आणलेली पूजा परत कशी न्यायची म्हणून त्यानं प्रतिभाच्याच कपाळाला कुंकू लावलं आणि गूळ-पुरी तिच्या हातात ठेवली. अच्युतला ठसका लागेस्तोवर हसू आलं. वहिनी मात्र पदरानं डोळे पुसत होत्या. इतक्या वर्षांत त्यांच्या पाल्याची बाजू चारचौघांत कुणी घेतली नव्हती, आणि आज घेतली ती लेकीनं. मलाही भरून आलं.

शकुंतलाबाई हसल्या नव्हत्या. त्या ताटावरून उठल्या, मोळी पुढे ओढली आणि एका पानाचा देठ नखानं मोडून बघितला.

"यात भिजवलेली डाळ घालता, की दाण्याचं कूट?"

"डाळ," वहिनी कशाबशा म्हणाल्या. "हरभऱ्याची."

"मग भिजत घाला. आम्ही संध्याकाळपर्यंत थांबतो," शकुंतलाबाई म्हणाल्या. "आणि हिला हे सगळं नीट शिकवूनच आमच्याकडे पाठवा."