हातात डहाळी घेऊन येणारे शेलारभाऊ

शेलारभाऊंची आणि माझी पहिली भेट तळेगावात झाली आणि पहिल्याच भेटीत मला त्यांचा संशय आला. लोकल बोर्डाच्या गुरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. जनावरांना लस टोचणारे नवे गृहस्थ येणार होते. ते आले आणि कडुनिंबाची डहाळी हातात धरून फाटकाबाहेरच उभे राहिले. "या" म्हटल्याशिवाय पाऊल आत टाकेनात. सरकारी माणूस आणि इतका नम्र, म्हणजे आधीच्या ठिकाणी याने नक्कीच काहीतरी भानगड केलेली असणार, अशी माझी खात्री झाली.

माझा स्वभावच संशयी आहे. दूधवाल्याने माप भरून दिलं तरी मी भांड्यात वाकून बघतो. हे ठाऊक असूनही भाऊंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथाच्या संपादकांनी हा लेख माझ्याकडेच का मागितला, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. पण मागितला आहे, तर खरं तेच लिहितो.

डहाळीचं कारण मी विचारल्यावर भाऊंनी सांगितलं. ऐन उमेदीत ते गुरं वाहून नेणाऱ्या एका बोटीवर जनावरांची देखभाल करीत असत. प्रशांत महासागरात बोटीचं इंजिन बंद पडलं आणि सुटा भाग येईपर्यंत त्यांना कित्येक महिने याप नावाच्या बेटावर राहावं लागलं. फिलिपाइन्सच्या पूर्वेला मायक्रोनेशिया म्हणून बारीक बारीक बेटं विखुरलेली आहेत, त्यांतलं हे एक. तिथला रिवाज असा, की परक्या गावात जाताना हातात हिरवं पान धरायचं. मी भांडायला आलेलो नाही, हे त्यावरून न बोलता कळतं.

मी शाळेतून नकाशा मागवला. त्या जागी एक ठिपका होता खरा, पण तो बेटाचा की माशीचा, हे ठरेना. भाऊ म्हणाले, तिथे माणसाएवढाल्या दगडी चकत्या असतात, मधे भोक पाडलेल्या. तेच त्यांचं धन. मालक बदलला तरी दगड जागचा हलवत नाहीत.

"मग कागद कोण करतं?" मी विचारलं.

"कागद नसतो. कुणाचा दगड ते गाव लक्षात ठेवतं."

आमच्या मावळात वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडतात, तिथे ही गोष्ट माझ्या गळी उतरेना. पुढे ते म्हणाले, तिथले पुरुष पान, सुपारी, चुना भरलेली विणलेली पिशवी सतत जवळ बाळगतात, आणि दुसऱ्याच्या पिशवीत कुणी डोकावत नाही. तेव्हा मात्र चोर सापडला असं मला वाटलं. चंची तर माझ्याही कमरेला होती. ती बघून बेट रचणं काय अवघड आहे? फक्त तिथला चुना प्रवाळ भाजून करतात, हा तपशील कुठून आणला ते मला कळलं नाही.

माझी पत्नी टायफॉइडने अंथरुणाला खिळली, तेव्हा भाऊ रोज संध्याकाळी दूध घेऊन येत. तुळशीची काडी हातात धरून अंगणाबाहेर थांबत, हाक मारली की आत येत. एवढं करतो म्हणजे माणूस पुढे काहीतरी मागणार, हे मी पत्नीला तेव्हाच सांगून ठेवलं होतं. त्यांनी आजवर काही मागितलेलं नाही. ती मात्र मला अजून त्यावरून टोमणे मारते.

भाऊंच्या कामाची खरी ओळख मला आंदर मावळात पटली. एका वर्षी पेरणीच्या तोंडावर तिथे घटसर्प आला. खालच्या गावात धडधाकट बैल गळे सुजून मरू लागले. आम्ही तिथली टोचणी उरकली आणि लगोलग वर डोंगरातल्या ठाकरवाडीकडे निघालो. लसीच्या थर्मासमधला बर्फ विरघळत चालला होता. संध्याकाळपर्यंत लस टोचली नसती, तर ती फुकट गेली असती आणि वाडीचे बैलही गेले असते.

वाडीच्या शिवेवर भाऊ नेहमीप्रमाणे डहाळी घेऊन उभे राहिले. चिमामावशी म्हणून वाडीत मान असलेली एक विधवा बाई पुढे आली. तिच्यामागे काठ्या घेतलेले गडी होते.

"थांबा तितंच. ही डहाळी कुटनं आनली?"

"खालच्या गावातून," भाऊंनी सरळ सांगून टाकलं. मी कपाळावर हात मारला. रोग आला की कडुनिंबाच्या डहाळीत घालून तो शेजारच्या शिवेवर नेऊन टाकायचा, हे या भागात पोराटोरांनाही ठाऊक आहे.

"तितली गुरं मरत्यात. त्येंनी रोग काडून तुमच्या हाती दिला आन् आमच्या शिवंवर धाडला, व्हय ना?"

"तसं नाही मावशी. मी ही खाली ठेवतो."

"ठिवू नगा. ठिवली तर रोग हितंच बसंल."

"मग परत नेतो."

"आता काय उपेग? शिवंवर तर आला."

ठेवता येईना, टाकता येईना, आणि गडी पुढे सरकू लागले. मी भाऊंची बाही ओढली, म्हटलं, चला इथून. भाऊ मात्र खाली बसले आणि डहाळीचं एकेक पान ओरबाडून खाऊ लागले. डोळ्यांतून पाणी आलं, उमासे आले, तरी सगळा पाला चावून गिळला. मग उरलेली काडी चावली.

"रोग असलाच, तर तो आता माझ्या पोटात गेला," ते म्हणाले. "तुमच्या गुरांना टोचू द्या."

कडुनिंबाने काही होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, असं माझं मत आहे.

"पोरंबाळं किती तुमाला?" चिमामावशीने विचारलं.

"दोन."

"मंग असं कशापायी केलं?" म्हणत ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. दिवस मावळायच्या आत वाडीची सगळी गुरं टोचून झाली. मावशीची एक म्हातारी गाय गेली, बाकीची वाचली. बैल वाचले म्हणून वाडीची पेरणी झाली.

भाऊंच्या साठीच्या सत्काराचं आमंत्रण घेऊन मागच्या महिन्यात मी त्या वाडीवर गेलो. चिमामावशी आता फारशी चालत नाही.

"त्ये हैत का अजून?" तिने आधी हेच विचारलं.

"आहेत. खडखडीत आहेत."

"ऱ्हानारच. आमचा रोग प्वाटात घिऊन बसल्यात त्ये. त्यो जागा हू नये म्हनून दर साली समदी वाडी त्येंच्या नावानं शिवंवर नारळ फोडती."

त्या डहाळीत रोग नव्हता, तो एका बेटावरचा रिवाज होता, असं मी तिला समजावून सांगितलं.

"तुमी बगितलं का त्ये बेट?" मावशी म्हणाली.

भाऊंना या नारळाची कल्पना नाही. इतकी वर्षं एक अख्खी वाडी आपल्या जिवाला जपते आहे, हे त्यांना या लेखातूनच कळेल. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावं, हे मागणं या ग्रंथाच्या आधी त्या वाडीने मागून ठेवलं आहे, आणि माझा नवसावर काडीचा विश्वास नाही. तरीही आमंत्रणासाठी नेलेला नारळ मावशीच्या हाती देताना मी तिला बजावून आलो, की सत्काराला आला नाहीत तरी चालेल, पण शिवेवरचा नारळ एकही साल चुकवू नका.