मिठागरवाल्याची जीभ

दाजी मोकलांची जीभ म्हणजे घराण्याचा वारसा. उरणकडे त्यांचं मिठागर होतं तेव्हा वडील कोंडीतलं, मीठ पिकवायच्या वाफ्यातलं, पाणी बोटावर घेऊन नुसतं जिभेला लावायचे आणि मीठ उद्या धरणार की परवा, ते सांगायचे. दाजीही त्यात तयार झाले होते. अशा माणसाला आपल्याच भिंतीची चव घ्यायला तीन वर्षं लागावीत, याला काय म्हणायचं? डोळ्यांवर कातडं ओढून घेणं, दुसरं काय.

मिठागर गेलं, जमीन गेली. पण मोबदला म्हणून हाती आलं ते दाजींनी उडवलं नाही, एवढं त्यांच्या पदरात टाकायला हवं. त्यांनी डंपर घेतला आणि खाडीची रेती पुरवायला सुरुवात केली. विचुंब्यात एक इमारत उभी राहत होती, तिला सगळी रेती त्यांचीच. तिथेच तळमजल्यावर शेजारीशेजारी दोन फ्लॅट त्यांनी घेतले, भाड्याने द्यायला. “आमी म्हातारं झालो तरी पोराच्या तोंडाकडं बघायला नको,” असं ते बायकोला, वेणूला, सांगायचे. डंपर पुढे परेशने, मुलाने, हाती घेतला. दाजी भाड्यावर निवांत झाले.

तीन वर्षांपूर्वी एका फ्लॅटच्या हॉलच्या भिंतीवर पहिला ओला डाग दिसला. मग रंगाचे पापुद्रे सुटले. मग प्लास्टर मुठीने निघायला लागलं. न्हाणीघराच्या दाराची चौकट इतकी कुजली की बोट दाबलं तर आत जायचं. रुचिरा नावाची नवी नवरी त्या घरात भाड्याने राहायची. लग्नातल्या शालूला बुरशी आली तेव्हा ती भिंतीला टेकून रडली आणि महिनाअखेर नवऱ्याला घेऊन गेली. तिच्या पाठोपाठ शेजारचा फ्लॅटही रिकामा झाला.

भिंत ओली म्हणजे पाणी वरून येणार, हे शेंबडं पोरही सांगेल. वर राहायची हव्वाबी. अडुसष्ट वर्षांची, विधवा, एकटी. मुलगा नावेद कुवेतला. आईचं स्वतःचं छप्पर असावं म्हणून त्याने तो फ्लॅट घेतलेला. दाजींनी सोसायटीच्या सभेत आवाज चढवला. प्लंबर आणला, प्लंबर काय, बोलावणाऱ्याच्या मनातलं बोलतो. हव्वाबीने वाद न घालता न्हाणीघर फोडून घेतलं. दुसऱ्या पावसाळ्यात भिंत पुन्हा ओली, तिने पुन्हा फोडून घेतलं. दोन्ही वेळा महिना-महिना ती कपडे काखेत मारून आंघोळीला शेजाऱ्यांकडे जात होती. दाजींना तेव्हा बरंच वाटलं होतं.

यंदा एप्रिलात दाजी रंगाचा डबा घेऊन रिकाम्या फ्लॅटवर आले. अजून एक भाडेकरू पटवायचा होता. खिडकी उघडली तर भिंतीवर पांढरी लव उगवलेली, कापसासारखी. त्यांनी ती हाताने झाडली, बोटं झटकली आणि जन्माची सवय, बोट जिभेला लागलं.

खारट.

नळाचं पाणी काही खारट नसतं. दाजी तिथेच रंगाच्या डब्यावर बसले.

मिठाची रास पावसापासून झाकायची आणि रेतीची रास पावसात उघडी टाकायची, हे आज्याने त्यांना लहानपणीच शिकवलं होतं. खाडीची रेती एक पावसाळा भिजली की खार उतरतो. नाहीतर तो भिंतीत बसतो, हवेतलं पाणी ओढतो, सळ्या खातो. पण इमारतीचं काम मार्चात निघालं, बिल्डर घाईला आलेला. “धुतली का?” त्याने विचारलं होतं. “दोन टँकर पानी मारलाय,” दाजी म्हणाले होते. एक तांब्या मारला नव्हता.

सांगायचं, असं ठरवूनच ते जिना चढले. हव्वाबीचं दार उघडं होतं. आत दोन पेट्या बांधून ठेवलेल्या.

“या दाजीभाऊ. बरं झालं आलात. मी चालले उरणला, बहिणीकडे. नावेद बोलला, फ्लॅट विकून टाकू.”

“कशाला?”

“रोज रोज कुणाची बद्दुआ घ्यायची?” तिने न्हाणीघराचं दार ढकललं. फरशीवर धूळ होती. “बघा, दिवाळीपासून इथे थेंब सांडला नाही. आंघोळ टबात, नमाजाआधी हातपाय धुवायचे, तो वजू पण टबात. पाणी बादलीने खाली नेऊन गेटजवळच्या जास्वंदीला घालते.”

ती जास्वंद दाजींनी पाहिली होती. यंदा बरी फुललीय, असंही मनात आलं होतं.

“गुडघे बोंबलतात जिन्यावर,” ती म्हणाली. “पण आता खरं सांगा. सुकली का भिंत?”

सगळं जिभेवर आलं होतं. पण इमारतीत चाळीस घरं होती आणि चाळीसही घरांच्या भिंतींत त्यांची रेती. परेशचा धंदा तोच. आणि खालचे दोन फ्लॅट मग कुत्रंही घेणार नाही. खरं कळलं तर हव्वाबी मात्र राहिली असती. दाजींना त्या घटकेला स्वतःची किळस आली, आणि तरीही तोंडातून शब्द बाहेर पडला.

“सुकली.”

हव्वाबीचा चेहरा खुलला. “अल्लाचा शुकर! म्हणजे माझंच पाणी होतं. आणि मी मनात तुमच्यावर रागवायची. माफ करा हां दाजीभाऊ, तीन साल तुमचं नुकसान केलं.”

तिने कोपऱ्यातली निळी बादली उचलून त्यांच्या पुढे धरली. कडीला चिंधी गुंडाळलेली होती, हाताला रुतू नये म्हणून.

“ही ठेवा. मला आता लागणार नाही. जास्वंदीला तेवढं पाणी घाला.”

दाजींनी बादली घेतली.