शमाभाभी आणि माझा जळफळाट

कुणाही मुलाने आपला नवा व्हिडिओ दाखवायला मोबाइल पुढे केला, की शमाभाभी आधी पडद्यावरचा त्याचा चेहरा अंगठ्याने झाकायची. पोरगं हिरमुसायचं. एवढा नट्टापट्टा करून नाचलो आणि ही बघते काय, तर मागची भिंत! "म्होरलं समदी बघत्यात, बाळा," ती म्हणायची, "मागं काय दिसतंय त्ये आदी बघावं." मग मागचं एकेक मोठ्याने वाचायची. घरावरचं नाव, गाडीचा नंबर, गणवेशावरचं शाळेचं चिन्ह. "आता सांग, अनोळखी मानसाला तुझ्या दारात यायला अजून काय पायजे?"

ती आमच्या अंथुर्णे गावात शिवणकाम करायची. पिको-फॉल, ब्लाउज, शाळेचे गणवेश. शिवण उलट्या बाजूने तपासायची सवय होती, तीच नजर तिने मोबाइलला लावली असावी. शिक्षण सातवी नापास. तिचं म्हणणं एवढंच, की टाकायच्या आधी मला दाखवा आणि काही चुकलं तर रडत बसायच्या आधी हितं या. शाळा सुटली की तिच्या मशीनभोवती चिंध्यांत दहा-बारा पोरं बसलेली असायची.

मी त्याच पोरांना शाळेत संगणक शिकवते. माझ्याकडे पदवी आहे, प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं आहेत. ऑनलाइन सुरक्षिततेवर मी प्रोजेक्टर लावून तास घेतला, तर पोरांनी जांभया दिल्या आणि शेवटी एकीने विचारलं, "बाई, म्हंजी शमाभाभी सांगती त्येच ना?" त्या दिवशी घरी येऊन मी भांडी आदळली. खोटं कशाला बोलू, मी तिच्यावर जळत होते.

त्यातून माझी लेक सईही तिथेच बसायची. तिथलं तिचं हसू मला रस्त्यापर्यंत ऐकू यायचं, आणि घरी 'आज काय झालं?' विचारलं तर 'काही नाही.' मी हट्टाने ब्लाउज शेजारच्या शेळगावला शिवायला टाकला. तो काखेत आवळत होता, तरी तोच घालून भाभीच्या दुकानावरून गेले. "बाई, काखंत जरा सैल करून देऊ का?" ती आतूनच ओरडली. मी न ऐकल्यासारखं केलं.

सईच्या तेराव्या वाढदिवसाला आम्ही इकडच्या रीतीप्रमाणे चौकात फ्लेक्स लावला. बारामतीहून छापून आणला होता. सईचा हसरा फोटो, पूर्ण नाव, शाळेचं नाव, आणि खाली शुभेच्छुक म्हणून तिच्या बाबांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, मोबाइल नंबरासकट. त्याच दिवशी मी तिला मोबाइलवर अकाउंट उघडून दिलं आणि पासवर्ड स्वतःकडेही ठेवला. झाली की काळजी घेऊन! फ्लेक्ससमोर ती नाचली, तो व्हिडिओ मीच काढला. "भाभीला दाखवून मग टाकू या?" सईने विचारलं होतं. "मी असताना तिला कशाला?" असं म्हणून मी तो तिथल्या तिथे टाकला.

पंधरा दिवसांनी, एका शनिवारी सकाळी भाभी सईला घेऊन दारात उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही. "बोल, सई. मी हाय हितं."

सई बोलली. कुणीतरी माणूस तिला मेसेज करत होता. आधी नाचाचं कौतुक, मग आणखी फोटो पाठव, मग धमकी. तुझी शाळा मला ठाऊक आहे, तुझ्या बापाचा नंबरही आहे, फोटो नाही आले तर त्याला सांगतो की तूच माझ्या मागे लागली आहेस. हे सगळं त्याला माझ्या एका व्हिडिओने पुरवलं होतं. पासवर्ड असूनही मी ते अकाउंट कधी उघडून पाहिलं नव्हतं. सई मेसेज वाचून लपवत होती आणि आदल्या संध्याकाळी शेवटी भाभीकडे गेली होती.

तिला जवळ घ्यायचं सोडून माझ्या तोंडून पहिलं वाक्य आलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, मी अख्ख्या शाळेला शिकवते आणि माझीच मुलगी अशी," सई म्हणाली. मी तेच म्हणाले असते.

मग मी भाभीवर घसरले. कालपासून माहीत होतं, तर रात्रीच का आली नाहीस?

"तिला म्हनलं, आईला तूच सांग, मी संगं येते. सकाळपातूर न्हाय सांगितलंस, तर मी एकटी जानार. मी पाठीमागनं येऊन सांगितलं असतं, तर पुढच्या बारीला पोरगी कुनाकडंच गेली नसती." मग म्हणाली, "आनि तिला ओरडू नका, बाई. फ्लेक्स तिनं न्हाय लावला."

लग्नसराई ऐन भरात होती, तरी दुकान बंद ठेवून ती आमच्याबरोबर पोलीस ठाण्यात आली. एकही मेसेज पुसू नको, उत्तर देऊ नको, हे तिने सईला आधीच बजावलं होतं, म्हणून तक्रार देताना सगळा पुरावा हातात होता. मग त्या माणसाला ब्लॉक केलं, व्हिडिओ काढला, अकाउंट खासगी केलं. मेसेज थांबले. मी तिचे हात धरून आभार मानले आणि मनातल्या मनात आणखी जळले.

गेल्या वर्षी तिच्या मुलाला बारामतीत एमआयडीसीत नोकरी लागली आणि ती तिकडे राहायला गेली. निरोप द्यायला पोरं रडत उभी होती. मीही रडले, पण आतून बरं वाटत होतं. आता सई माझी, असं वाटत होतं. टेम्पोत बसता बसता ती म्हणाली, "पोरं आता तुमच्याकडं येतील, बाई. आली की आदी खायाला द्या. लगीच इचारू नका."

गेल्या महिन्यात मी भाकरी करत होते. सई येऊन शेजारी बसली. "आई, माझ्या नावाने कुणीतरी खोटं अकाउंट काढलंय."

मी गॅस बंद केला. पिठाच्या हातांनी तशीच बसले आणि तोंड मिटून ऐकलं. अर्धा तास ती बोलली, कुणावर संशय आहे, काय काय टाकलंय, सगळं. काळजी वाटत होतीच, पण आनंदही एवढा झाला की लाज वाटावी. माझी मुलगी माझ्याकडे आली होती. ते अकाउंट बंद पाडण्यासाठीची तक्रार आम्ही दोघींनी मिळून केली. शेवटी मात्र मला राहवलं नाही.

"भाभीला कळवायचं का?"

"तिलाच आधी फोन केला होता," सई सहज म्हणाली. "ती म्हणाली, मी लांब हाय, आई जवळ हाय. तिला सांग. ती आता ओरडत न्हाय."

मी खरंच ओरडले नाही. गॅस पेटवला आणि पुढची भाकरी जरा जोरातच थापली.