चोकच्या पेटीतला लांब स्क्रू

मुरुडच्या शाळेत माझा तिसरा तास चालू होता आणि खिशातला फोन थरथरला. उमरीहून पुतणीचा. "काका, बाबा गेले..." सुदामदादा, माझा सख्खा थोरला भाऊ. सारी नोकरी विजेच्या खांबावर काढली, अंगाला चटका लागू दिला नाही, आणि गेला तो खुर्चीत बसून, चहा पिता पिता. लोक म्हणतात, वीजसुद्धा त्याला भ्यायची. काहीतरीच! दादाच विजेला भ्यायचा, आणि ते चारचौघांत सांगायचा.

रिटायर झाल्यावर त्याच्या डोक्यात प्रोजेक्टरचं खूळ शिरलं. भंगारातल्या मॉनिटरचा काचेचा पडदा, मागं रस्त्यावरच्या दिव्याचा दणकट बल्ब, पुढं भिंग, सगळं एका पत्र्याच्या पेटीत. हा बल्ब थेट लायनीवर चालत नाही, त्याला करंट आवरणारा चोक लागतो, आणि पेटताना हजारो व्होल्टचा झटका लागतो. म्हणून दादाचा एकच हेका, "पत्र्याला अर्थिंग न्हाई, तर माझा हात न्हाई." वस्तीत धम्मदीक्षा घेतलेल्या पहिल्या पिढीचे फोटो जयंतीच्या संध्याकाळी भिंतीएवढे दाखवायचे, असं त्यानंच ठरवलं होतं.

त्या जयंतीला मी रजा टाकून उमरीला गेलो होतो. दादाची नजर अधू झालेली, म्हणून चोक बसवायचं काम माझ्याकडं. त्यानं आखूड स्क्रू मोजून काढून ठेवले होते. त्यातला एक घरंगळला, कुठं गेला कोण जाणे. मी आपला हाताला लागला तो लांब स्क्रू आवळला आणि गप्प बसलो. एवढ्यानं काय होतंय!

संध्याकाळी समाजमंदिर गच्च भरलं. पाहुणे येऊन बसलेले. आणि दादा टेस्टचा बल्ब घेऊन, एक वायर फेजला, दुसरी अर्थिंगला लावून बघतोय. बल्ब नुसता लालसर झाला.

"अर्थिंग मेली हाय. तिचा खड्डा पार कोरडा पडलाय, ओलीबिगर वीज जमिनीत उतरत न्हाई."

माझं डोकं फिरलं. "दादा, लोक ताटकळलेत. आज एक दिवस चालू कर की!"

"चालू करायला मलाबी येतंय. कुणी चिकटलं तर काय करशील?"

शेवटी बायकांनी घरोघरून हंडे आणले. त्या एप्रिलात, पाण्याची मारामार असताना, भरलेले हंडे खड्ड्यात रिकामे केले. बल्ब लख्ख झाला. "झालं समाधान?" मी टोमणा मारला आणि भिंतीवर नेम धरायला पेटीवर हात ठेवला. दादानं बटण दाबलं... फाट्! फ्यूज उडाला.

दादानं मेन बंद केला, थोडा वेळ थांबला, मग पेटी उघडली. माझ्या लांब स्क्रूनं वायरीचं कातडं फाडलं होतं. सारा करंट पत्र्यात आला होता, आणि पत्र्यावर माझा हात. बायकांनी पाणी ओतलं नसतं, तर ती वीज फ्यूज उडवायच्या ऐवजी माझ्यातून गेली असती. दादानं स्क्रू बघितला, मग माझ्याकडं बघितलं. मग वळून म्हणाला, "मंडळी, माझ्या हातून चूक झाली. जरा दम धरा."

वायर बदलली, आखूड स्क्रू आला, आणि भिंतीवर आमच्या आजीचा चेहरा उभा राहिला, डोक्यावरच्या पदरासकट. सगळी वस्ती उठून उभी राहिली. पाहुणे विचारत होते, कुणी केलं हे? माझी छाती फुगली होती. माझ्या भावानं!

मागाहून मी विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंस?"

"तू मास्तर हाईस. लेकरं तुझ्याकडं बघून शिकून राहिलीत. मला काय, लोक सांभाळून घेतेत."

लोकांनी सांभाळून घेतलं, पण विसरले नाहीत. परवा दादाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात एक जण मायेनं म्हणाले, "सुदामभाऊ जन्मात एकदाच चुकले, त्या जयंतीला." सगळे ओलावल्या डोळ्यांनी हसले. मग बोलायला माझं नाव पुकारलं. मी उठलो, भलतंच काहीतरी बोललो आणि खाली बसलो. लाज वाटते सांगायला.

म्हणून आता इथं, छापून, वस्तीतल्या प्रत्येकानं वाचावं म्हणून लिहितो. माझा भाऊ त्या दिवशीही चुकला नव्हता. तो स्क्रू मी आवळला होता.