शेवटची दहा मिनिटं

पाववाल्यानं दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं की सुमनताई रिमोटचं बटण दाबत. टीव्ही काळा होई, गॅरेजमधला दिवा लागे आणि मांडीवरची फरसबीची चाळण बाजूला ठेवून त्या म्हणत, "आता पुढचं मी सांगते. सिनेमावाल्यांनी शेवटाची पार वाट लावलीय."

इथे न्यूझीलंडला, लोअर हटमधल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांपैकी हा सिनेमा न पाहिलेलं घर सापडणं कठीण, आणि त्याचा शेवट पाहिलेला माणूस सापडणं त्याहून कठीण. सिनेमा जुना, काळापांढरा, फ्रेंच. एका कादंबरीवरून काढलेला. उत्तरेकडच्या एका बंदराच्या गावात एक पाववाला आपल्या भाडेकरूचा खून करतो, कारण तो भाडेकरू त्याच्या बायकोला छळत असतो. मग पॅरिसहून एक पोलीस अधिकारी येतो. ताई त्याला फौजदार म्हणत. हा फौजदार रोज सकाळी त्याच दुकानातून पाव घेतो आणि एकही प्रश्न विचारत नाही. खून कुणी केला हे सुरुवातीलाच कळतं. पाववाला आपण होऊन गुन्हा कबूल करतो का, एवढाच काय तो सवाल.

ताईंची माझी ओळख आम्ही त्यांच्या शेजारच्या घरात राहायला आलो तेव्हाची. खोकी अजून फुटली नव्हती, आणि दारात पायमोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, आणि वर नऊवारीच्या जुन्या तुकड्यांची गोधडी पांघरलेली एक बाई उभी. हातात वाटीभर चटणी. "मी सुमन गायकवाड. मिलिंदची आई. पुण्यात कॉलेजात फ्रेंच शिकवायचे, आता इथे कोथिंबीर लावते," अशी त्यांनी आपली सगळी माहिती एका दमात दिली. मग म्हणाल्या, "शनिवारी दुपारी गॅरेजमध्ये ये. खून आहे."

मी गेले. गॅरेजमध्ये मिलिंदची गाडी बाहेर काढून गालिचा अंथरलेला, दोन जुने सोफे, भिंतीवर टीव्ही. टीव्हीच्या खालच्या कडेवर एक पंचा चिमट्यांनी लावलेला. मला वाटलं वाळत घातलाय. तो इंग्रजी सबटायटल्स झाकायला होता. रिमोटवरून ती बंद करता येतात हे त्यांच्या नातीनं, आर्यानं, कितीदा तरी दाखवलं होतं. पण ताईंचा पंच्यावर विश्वास जास्त. "सबटायटल म्हणजे दुसऱ्यानं चावून दिलेला घास," त्या म्हणत. "मी गरम गरम वाढते ना."

आणि वाढतही तशाच. भाजी निवडता निवडता सगळ्यांचे आवाज काढत. पाववाला थेट त्यांच्या माहेरचं, साताऱ्याकडचं बोले. "काय सांगू सायेब, पीठ काय आज उठंनाच." फौजदार मात्र पक्का पुणेरी. "असू द्या. आम्हाला घाई नाही." हे 'आम्हाला घाई नाही' आमच्याकडे इतकं रुळलं की माझा नवरा ऑफिसला उशीर झाला तरी तेच म्हणू लागला. ताईंचं स्वतःचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते खुनाच्या प्रसंगी येई. "खून करणारा माणूस वाईटच असतो असं नाही. तो घाईत असतो."

आर्या इथेच जन्मलेली. तिला मराठी सगळं कळे, उत्तर मात्र इंग्रजीतच. "आजी, जस्ट लेट इट प्ले, वी वॉन्ट टू सी द एंड," ती कुरकुरे. ताई ऐकत नसत. टीव्ही बंद करून त्या कादंबरीतला शेवट सांगत. पाववाला एप्रन काढून खुंटीला लावतो, स्टेशनवर जातो, एकटा. बाकावर फौजदार बसलेला. त्याच्या हातात पॅरिसची दोन तिकिटं. म्हणजे हा येणार हे त्याला ठाऊक होतं. पाववाला शेजारी बसतो आणि म्हणतो, "चला." एवढं सांगून ताई फरसबीची चाळण पुन्हा मांडीवर घेत. कुलकर्णी नावाचे आमचे एक स्नेही आहेत, आयटीतले, भयंकर तर्कटी. तेसुद्धा या शेवटाला शंका काढत नसत.

पुढे ताईंच्या डोळ्यांचं दुखणं निघालं. कडेचं दिसायचं, मधलं पुसट होत चाललेलं. "नेमकं फौजदाराचं तोंडच गायब होतं गं," त्या हसून सांगत. डोळ्यात इंजेक्शन घ्यायला जावं लागे. मिलिंद कामावर, मी घरून काम करणारी, त्यामुळे गाडीची पाळी माझ्याकडे आली. ते दिवस मला फार आवडत, हे सांगायला मला संकोच नाही. परतताना ताई डेअरीसमोर, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानासमोर, गाडी थांबवायला लावत. दुकानात शिरताना माओरी नमस्कार म्हणून "किआ ओरा" म्हणत, आइस्क्रीम घेत, आणि डोळ्यावर पट्टी लावलेली असताना ते साडीवर सांडत.

अशाच एका दुपारी समुद्राकडे तोंड करून आम्ही गाडीत बसलो होतो. मी सहज म्हटलं, "ताई, सिनेमाचा शेवट खरंच इतका वाईट आहे?"

"मला काय माहीत," त्या म्हणाल्या. "मी कुठे पाहिलाय."

मी आइस्क्रीम खायची थांबले.

मग त्यांनी सांगितलं. लग्नानंतर नवऱ्याबरोबर पाहिलेला तो पहिला सिनेमा. फिल्म क्लबात खुर्च्या मांडून दाखवला होता. पाववाल्यानं शटर ओढलं आणि मधुकररावांनी घड्याळ पाहिलं. शेवटची बस गाठायची होती. दोघं धावत सुटली. बसमध्ये वाद सुरू झाला. ताई म्हणाल्या, पाववाला एकटाच जाणार स्टेशनवर. मधुकरराव म्हणाले, छे, बायको सोबत जाणार. ती बाई दारामागून बघत होती, ती त्याला एकटा जाऊ देणारी नव्हे. पैज लागली. हरेल त्यानं जन्मभर सकाळचा चहा करायचा.

"पुढे मी खटपट करून ती कादंबरी मिळवली. त्यात तो एकटाच जातो. म्हटलं, जिंकले. तर हे म्हणतात, पुस्तक वेगळं, सिनेमा वेगळा, पैज सिनेमाची होती. पण निकाल लागेपर्यंत मी करतो चहा, तात्पुरता." ताई समोर बघत राहिल्या. "शेवटपर्यंत केला गं तात्पुरता. आल्याचा. आणि हे गेल्यावर एका विद्यार्थिनीनं पॅरिसहून ही डिस्क पाठवली."

"मग बघितलं का नाही?"

"बघितलं आणि तो एकटाच गेला तर? मग हे हरले ना, कायमचे. बघितलं नाही तोवर कुणी हरलेलं नाही." मग रुमालानं साडीवरचा डाग पुसत म्हणाल्या, "पण आता हा डोळाही फार दिवस साथ देईलसं वाटत नाही. न बघताच राहिलं तर तेही बरं नव्हे. काय करावं कळत नाही."

त्याच हिवाळ्यात वेलिंग्टनच्या एका जुन्या थिएटरात तो सिनेमा लागला. रविवारी दुपारी, एकच खेळ. बातमी कुलकर्ण्यांनी ग्रुपवर टाकली आणि गॅरेजातली अख्खी पलटण तयार झाली. ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जाऊ या. बसायचं की उठायचं ते तिथे ठरवीन. तू माझ्याशेजारी बस."

रांगच्या रांग आमची. आज पंचा नव्हता, चाळणही नव्हती, त्यामुळे ताईंना हातांचं काय करावं कळेना. पडदा मोठा असल्यानं त्यांना बरंच दिसत होतं. मान जराशी वाकडी करून, डोळ्याच्या कडेनं, त्या बघत होत्या. पाववाला पहिल्यांदा बोलला तेव्हा त्यांच्या तोंडून हळूच "काय सांगू सायेब" निघालंच, आणि पुढच्या रांगेतल्या गोऱ्या आजोबांनी वळून पाहिलं.

मग पाववाल्यानं शटर अर्ध्यावर ओढलं.

आणि आमची रांग उठली, कुरकुरणाऱ्या आर्यासकट. कुणी कुणाला खुणावलं नाही. वर्षानुवर्षं त्या शटरबरोबर सिनेमा संपत आला होता, तसा तो आजही संपला, आणि पुढचं ऐकायला मंडळी चपला सावरत बाहेर निघाली. लोकांनी गुडघे आत घेतले. कडेची एक बाई कुलकर्ण्यांना कुजबुजून म्हणाली, "यू ऑल राइट, लव्ह? इट्स नॉट फिनिश्ड." कुलकर्णी तितक्याच हळू आवाजात म्हणाले, "इट्स ओके. वी हॅव अनदर एंडिंग."

मीही अर्धवट उठले होते. ताईंनी माझं मनगट धरलं. "बस," त्या म्हणाल्या.

पाववाल्यानं एप्रन काढून खुंटीला लावला. तो रस्त्यानं निघाला, एकटा. ताईंची बोटं माझ्या मनगटात रुतली. स्टेशन आलं. बाकावर फौजदार, हातात दोन तिकिटं. पाववाला शेजारी बसला. आता तो 'चला' म्हणणार आणि मधुकरराव हरणार, असं वाटून मला पडद्याकडे बघवेना. तेवढ्यात फलाटावर पावलं वाजली. पाववाल्याची बायको. पिठाच्या हातांनीच आलेली, कापडात गुंडाळलेला पाव काखेत. ती नवऱ्याच्या दुसऱ्या बाजूला बसली. फौजदार उठला, खिडकीशी गेला आणि तिसरं तिकीट घेऊन आला.

"मीनल," ताई कुजबुजल्या, "ती आली ना? मधलं मला नीट दिसत नाहीये. बाईच आहे ना ती?"

"आली ताई. तिसरं तिकीटही काढलं."

"अगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या. दिवे लागले तरी त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

बाहेर मंडळी पॉपकॉर्न खात ताटकळली होती. "कुठे होतात? सांगा ना," आर्या म्हणाली, चक्क मराठीत. ताईंनी नेहमीचा, कादंबरीतला शेवट सांगितला. एप्रन, एकटा, दोन तिकिटं, चला. इतका सुरेख मी तो कधीच ऐकला नव्हता. मंडळींनी नेहमीसारखी मान डोलावली. मी एकटीच त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

गाडीत मी विचारलं, "खरा शेवट का नाही सांगितलात?"

"ज्याचं त्याला आधी सांगायला नको का? ह्यांना सांगायच्या आधी गावाला सांगू?" मग खाडीच्या वळणावर त्या स्वतःशीच म्हणाल्या, "इतकी वर्षं उगीच नावं ठेवली. वाट नव्हती लावलेली."

सुमनताई गेल्या त्याला आता वर्ष होईल. शेवटी शेवटी त्यांना उजेड तेवढा कळायचा, पण शनिवारचा खून त्यांनी सोडला नाही. डिस्क लावायची आणि आवाजावरून सांगायचं. चार मराठी माणसं जमली की अजूनही थिएटरातून रांग उठल्याची गोष्ट निघते, आणि कुलकर्णी "अनदर एंडिंग" म्हणून पुन्हा टाळी घेतात. मीही हसते. पण मला त्या रविवारची संध्याकाळ आठवते.

मी त्यांना घरात सोडायला गेले होते. मिलिंद, आर्या अजून पोचले नव्हते. ताई कोट न काढताच स्वयंपाकघरात शिरल्या. मी करते म्हटलं तर मला हातानं बाजूला केलं. चाचपत आलं शोधलं, किसलं, चहा उकळला, दोन कपांत गाळला. बुद्धमूर्तीच्या बाजूच्या भिंतीवर मधुकररावांचा फोटो होता. त्याखालच्या टेबलावर त्यांनी एक कप ठेवला. माझी चुळबुळ त्यांना जाणवली असावी, कारण त्या लगेच म्हणाल्या, "हा काही नैवेद्य-बिवेद्य नाही हं. आमच्यात तसलं चालत नाही. ही पैज आहे."

मग दुसरा कप घेऊन त्या फोटोसमोरच्या खुर्चीत बसल्या, मान जराशी वाकडी करून, डोळ्याच्या कडेनं त्यांना नीट बघता यावं म्हणून.

"जिंकलात हो," त्या म्हणाल्या. "घ्या चहा. उद्यापासून मी करीन."