फिल्टरचं विरजण

खंडेनवमीला आमच्या घरातलं एकही यंत्र सुटत नाही. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते. आता घोडा नाही, जमीन नाही, एक बोथट तलवार तेवढी आहे आणि ती वर्षातून एकदा कपाटातून निघते. तिच्या शेजारी मिक्सर, शिवणयंत्र, बायकोचा लॅपटॉप मांडायचा. धुण्यासारखं धुवायचं, पुसण्यासारखं पुसायचं, हळदकुंकू लावायचं आणि विजयादशमीच्या सकाळपर्यंत काहीही चालवायचं नाही. त्या वर्षी आईने परसातल्या हौदाचा फिल्टरही मागितला.

"तो तर वर्षभर राबतो. त्यालाच का नाही पूजा?" ती म्हणाली.

मी बंद करून, हौदातून काढून दिला. ती नळाखाली पाट घेऊन बसली आणि आतला स्पंज वास जाईपर्यंत पिळत राहिली. मळ तिला दिसत नव्हता, म्हणून नाकाने धुतला.

आईची मधली नजर गेली होती. समोर माणूस उभा राहिला की चेहऱ्याच्या जागी तिला धुरकट डाग दिसे. पण मान तिरकी केली की डोळ्याच्या कडेने हलणारा रंग कळायचा. म्हैसूरच्या कडेला बोगादीला घर बांधल्यावर मी हौसेने हौद केला, कोई जातीचे रंगीत जपानी मासे सोडले, आणि बघता बघता ते आईचे होऊन गेले. एक भगवा, एक पांढऱ्यावर लाल ठिपक्यांचा, आणि एक छोटा पिवळा, भारी चळवळ्या. सकाळी कॉफीचा लोटा घेऊन ती कट्ट्यावर बसे, मान तिरकी करून. पोटच्या पोराचं तोंड दिसत नाही आणि मासा दिसतो, असं मी चिडवायचो. चिडवताना वाईटही वाटायचं. उरलेली नजरही जाणार, कधी ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून मला कुठेच स्वस्थ बसवेना. मुळात मी बसणारा माणूस नाहीच.

विजयादशमीला फिल्टर परत जोडायला गेलो तर जुनाट झाकणाचा काठच तडकला. पाणी गळायला लागलं. चिकटपट्टी लावून कसाबसा चालू केला, पण दुपारपर्यंत हौदाचं पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं आणि मासे तोंड वर काढून धापा टाकायला लागले. मी स्कूटर काढली. सणाची सगळी दुकानं बंद. संध्याकाळी बन्नीमंटपच्या मैदानावरच्या मशाल कवायतीसाठी अर्धे रस्ते अडवलेले, आणि मी बंद शटरं बघत गावभर फिरतोय.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," घरी आल्यावर बायको म्हणाली. "उद्या उघडतील की."

दुसऱ्या दिवशी उजाडताच हौदापाशी गेलो. पिवळा उताणा तरंगत होता. आई उठायच्या आत मी त्याला कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरला, माती सारखी केली आणि हात धुतले. थोड्या वेळाने ती लोटा घेऊन आली, बसली, मान तिरकी केली.

"पाणी दिसत नाही रे. सगळं पांढरं पांढरंच."

पांढरं काय आहे, पाणी की तिचे डोळे, हे मला कळायचा काहीच मार्ग नव्हता.

"पाणीच गढूळ आहे," मी म्हणालो. "आज नवा फिल्टर आणतो."

आणतो म्हणणं सोपं. फोनवर वाचायला गेलो तर एक ना धड, भाराभर चिंध्या. पहिल्या दुकानात काळ्या पिंपासारखा फिल्टर दाखवला. आत निळा दिवा, हिरवं पाणी आरशासारखं होतं म्हणे. मी पाकीट काढलं. मग वाटलं, पाणी आरशासारखं झालं आणि आत मासेच नसले तर? पाकीट खिशात. दुसऱ्या दुकानात वरून पाणी गाळत आणणारे ट्रे होते, छान आवाज येत होता. आईला आवाज आवडेल म्हणून ते पक्के केले, आणि स्कूटरपर्यंत जाऊन नको म्हणालो. तिसऱ्या ठिकाणी चार कप्प्यांची साधी, ढब्बू पेटी होती. मालक मत्स्यशास्त्र शिकलेला, जरा सावकाश बोलणारा. सावकाश बोलणाऱ्यांचा मला राग येतो.

"जुना कधी धुतला होता?" त्याने कन्नडमध्ये विचारलं.

"आयुधपूजेला. एकदम स्वच्छ."

त्याने मान हलवली आणि समजावलं. स्पंजवरच्या मळातच जिवाणू असतात, माशांच्या घाणीतलं विष तेच खातात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने आणि दिवसभर बंद ठेवल्याने ते मेले. नवा फिल्टर कुठलाही घ्या, तो रिकामाच. भरायला कित्येक आठवडे लागतील. आठवडे म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. काही न घेता घरी आलो आणि स्वयंपाकघरात बायकोसमोर तणतणलो. आई तिथेच लसूण सोलत होती.

"अय्यो, विरजणच की रे ते," ती म्हणाली. "भांडं कितीही भारी आण, विरजणाशिवाय दही लागेल का? दुसऱ्याकडून स्वल्प मागून आणायचं, मत्ते अजून काय."

मग तिचे हात थांबले.

"म्हणजे विरजणाचं भांडं मीच घासलं."

"तू कशाला? काढून मी दिला."

"गेला का रे कोण?"

"नाही. सगळे आहेत," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे एकदा बघितलं आणि गॅस बारीक केला.

मी तसाच परत गेलो. ती ढब्बू पेटीच घेतली, कारण विरजणाला सगळ्यात जास्त जागा तिच्यात होती. मालकाने स्वतःच्या टाकीतला मळका स्पंज पिशवीत घालून दिला. खड्डा आला की पिशवी पायांत घट्ट धरून घरी आणली. आईने वास घेतला, नाक मुरडलं आणि म्हणाली, "आयतु, झालं काम. जिवंत आहे."

पुढचे दिवस मी कसे काढले ते बायकोला विचारा. पी हळद नि हो गोरी, हा माझा स्वभाव. रोज थोडं पाणी बदलायचो आणि येता-जाता पेटीचं झाकण उचलून बघायचो. आई कट्ट्यावरून ओरडायची, "सुम्मने, उगाच हलवू नको रे. लागतंय ते, लागू दे."

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी हौदाचा तळ दिसला. तळाशी पडलेलं कढीपत्त्याचं पान, त्याच्या शिरासुद्धा. मी आईला हाताला धरून आणलं, कट्ट्यावर बसवलं. तिने मान तिरकी केली. मग दुसरीकडे तिरकी केली. मला दम धरवेना.

"दिसतात?"

"दिसतात की," ती म्हणाली, आणि बोट दाखवलं. "तो भगवा तिकडे."

भगवा अगदी उलट्या कोपऱ्यात होता.

"आणि पिवळा बघ रे. किती धावतोय."

मी कढीपत्त्याच्या झाडाकडे बघितलं नाही. तिच्या शेजारी बसलो.

"हो," मी म्हणालो. "मोठा झालाय आता."